बांधीत आलेली बोटुकली

लोकांना पाऊस आला की आठवणी येतात. माझं उलटं आहे. मला पाऊस थांबला की येतात. श्रावणात चार दिवस ऊन पडलं की भंडाऱ्यातले आमचे शेजारी गाद्या उन्हात टाकतात, छत्र्या मिटून खुंटीला लावतात आणि "बरं झालं बाई, उघडलं एकदाचं" म्हणतात. मी हो म्हणते, पण आतून जीव टांगणीला लागलेला असतो. शेती आता नावापुरतीच माझी, धाकटे दीर पाहतात. तरी उघडीप लांबली की मी उगाच गच्चीवर जाऊन आभाळाकडे डोळे लावून येते.

यंदाही तसंच झालं. भाजी आणायला निघाले, तर एस.टी. स्टँडजवळ एक ऑटो उभा होता. मागच्या सीटवर माणसांऐवजी फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत थोडं पाणी आणि त्या पाण्यात काहीतरी लुकलुकणारं. मासोळीचं बी. ऑटोवाला मोबाइलवर कोणाला तरी ओरडत होता, "लवकर या ना भाऊ, पोरं मरून राहिली इथं!" पोरं म्हणाला तो. मी भाजी विसरून तिथंच उभी राहिले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढलेली. वडील फॅक्टरीत. भोंगा झाला की सकाळ, नळाला पाणी आलं की दुपार, फॅक्टरीची बस आली की संध्याकाळ, असं आमचं पंचांग. वैशाखात लग्न होऊन लाखांदूरच्या पुढच्या एका गावात आले. बघायला आलेल्या मंडळींनी "आमच्या गावाला मोठा तलाव आहे" असं कौतुकानं सांगितलं होतं. मला वाटलं, असेल कमळाचं तळं, काठावर बाक वगैरे. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पाळीवर चढले, तलावाची ती मातीची लांबच लांब भिंत, आणि पलीकडचा काठच दिसेना. याला हे लोक तलाव म्हणतात तर समुद्राला काय म्हणत असतील, असं मनात आलं. तिथं मी एकही बाक शोधला नाही.

त्या तलावाच्या पोटाशी पाणी सोडायची जागा होती. तिला तुडूम म्हणतात. दगडी बांधकाम, त्यात पाण्याखाली भोक, भोकात लाकडी दट्ट्या. दट्ट्या उपसला की पाणी पाळीखालून नहरात येतं आणि नहरातून धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेल्या शेतांमध्ये, पसरतं. कधी सोडायचं, कधी बंद करायचं, ते माझे सासरे ठरवत. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो आणि सासूला मामीजी. मामाजी अबोल. त्यांच्या वाटचं सगळं मामीजी बोलून घ्यायच्या, आणि वर थोडं शिल्लकही ठेवायच्या.

तानाबाई त्या घरात पहिल्यांदा आली ती कोंढा मागायला. कोंढा म्हणजे तांदूळ सडल्यावर उरतो तो कोंडा. ती ढिवरटोलीची, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतली, कर्ती बाई, चाळिशीची, नवरा नव्हता, आवाज असा की पाळीवरून बोलली तर सांडव्याशी ऐकू जावा. ढिवरांच्या सोसायटीनं त्या साली पहिल्यांदाच तलावात रोहू आणि कटल्याचं बी सोडायचं ठरवलं होतं. गावसभेत बरीच चर्चा झाली होती. बाहेरचा एक ठेकेदार तलाव मागत होता. शेवटी ठरलं की एक साल ढिवरांना देऊन पाहू. उन्हाळ्यात जाळं लागेल तेव्हा रोहू निघाला तर तलाव त्यांच्याचकडे, नाही निघाला तर ठेकेदाराला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात उभे राहिले, त्याच पाण्यात दुसऱ्याचे मजूर म्हणून उभं राहायचं की नाही, ते त्या इवल्या पिल्लांवर ठरणार होतं. तानाबाईला त्या दिवसांत जेवण जात नसे, असं तिची सून सांगायची.

आषाढाच्या तोंडाशी बी आलं. आलं तेव्हा त्याला बीसुद्धा म्हणत नाहीत, जिरे म्हणतात. खरंच, चिमूटभर जिरं पाण्यात टाकावं आणि ते हलायला लागावं, तसं. ते एकदम मोठ्या तलावात सोडत नाहीत. गावामागं एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती, तिच्यात आधी वाढवतात. तानाबाईनं बोडीतल्या जुन्या मासोळ्या काढल्या, शेणखत टाकून पाणी हिरवं होऊ दिलं, आणि रोज सकाळी ढेप, म्हणजे पेंड, आणि कोंढा कालवून काठाकाठानं शिंपायला लागली. मला घरात करमायचं नाही, म्हणून कोंढ्याची टोपली घेऊन मी बोडीवर जायची.

"तुमचं कसं हाय सूनबाई," ती शिंपता शिंपता सांगायची, "आधी पऱ्हे टाकता, मंग उपडून बांधीत रोवता. आमचं बी तसंच. बोडीत वाढवाचे, तलावात रोवाचे. तुमच्या पऱ्ह्याले गाय खाते, आमच्या पऱ्ह्याले सारं जगच खाते."

ते मी पाहतच होते. पाण्यातला किडा खातो, बेडूक खातो, दिवड खातो, वरून खंड्या सूर मारतो, बगळा तर सरकारी माणसासारखा न हलता तासन्‌तास उभा. मरळ शिरली तर विचारूच नका. या सगळ्यांच्या तावडीतून जो उरेल त्याला बोटुकली म्हणायचं, बोटाएवढा झालेला मासा. इतक्या साध्या नावामागं केवढं वाचणं असतं! पुढं माझी मुलं झाली, तापली, बरी झाली, शाळेत गेली. दर वाढदिवसाला ओवाळताना मला का कोण जाणे, तो शब्द आठवायचा.

घरी मामीजींची कुरकुर चालायचीच. "आमच्या म्हशी उपाशी, अन तिच्या मासोळ्या जेवून राहिल्या!" पण कोंढ्याचं मडकं त्या दाराशीच ठेवायच्या, मला हुडकायला लागू नये म्हणून.

अर्धा श्रावण उलटला तेव्हा पिल्लं करंगळीएवढी झाली होती. ढिवरटोली सगळी बोडीवर लोटली. बायकांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं. पातेल्या-घागरींतून पिल्लं तलावाच्या काठाशी नेली, आणि भांडं पाण्यात आडवं करून, तानाबाई म्हणाली तसं, "त्यायचं त्यायले जाऊ देत" सोडून दिली. चंदेरी रेघ उमटायची आणि विरून जायची. मग नुसतं पाणी. इतक्या दिवसांचा कोंढा, इतकी जपणूक, आणि दाखवायला हाताशी काहीच नाही. मला फार उदास वाटलं. तानाबाई मात्र त्या दिवशी पोटभर जेवली म्हणे.

आणि पाऊस उघडला.

आधीच तो त्या साली उशिरा आला होता. निम्मी रोवणी व्हायची होती. दोन दिवस ऊन पडलं, चार दिवस पडलं. चिखल केलेल्या बांध्या वरून सुकायला लागल्या, पऱ्हे पिवळे पडले. माणसं सकाळ-संध्याकाळ आमच्या ओट्यावर येऊन बसू लागली. तंबाखू मळत आणि तलावाच्या दिशेनं पाहत. तुडूम उघडायची वेळ आली होती आणि तुडमातून पाण्याबरोबर काय काय जाईल, ते सगळ्यांनाच कळत होतं.

तानाबाई आली ती अंगणातच उभी राहिली. मामाजी म्हणाले, "ताना, पऱ्हे मरून राहिले. मी कोनाकोनाले थांबवू?"

"नोका थांबवू जी," ती म्हणाली. "माह्या पोटाले बी भातच लागते. फक्त तुडमाच्या तोंडाशी आडोसा बसवू द्या, मंग खुशाल सोडा."

रात्र पडायच्या आत आडोसा तयार झाला. बांबूच्या कमच्यांची जाळी, तानाबाईनं स्वतः विणलेली. मी पाहत होते. तिचे हात पाहत राहावे असे होते. बोलणं एकीकडं, नजर दुसरीकडं आणि कमची आपोआप खालीवर जात होती. ढिवरांच्या घरी मासे धरायच्या टोपल्या जन्मभर याच हातांनी विणल्या जातात. चार पोरांनी पाण्यात उतरून ती जाळी तुडमाच्या तोंडाशी घट्ट बसवली. सकाळी मामाजींनी दट्ट्या काढवला. नहरात पाणी आलं तेव्हा सगळं गाव काठानं त्याच्या बरोबरीनं चालत गेलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा रोवणीला उतरले. म्हणजे उतरवले गेले. मामीजी म्हणाल्या, "क्वार्टरातली असो नाही तं महालातली, चिखल सगळ्यायले ओळखते." गुडघाभर गारेगार चिखल, वरून ऊन, आणि माझ्या ओळी अशा वेड्यावाकड्या की शेजारच्या बाया पदरात तोंड लपवत होत्या. दुपार कलत होती. एकाएकी एक बाई किंचाळली, "अवं माय, पायाले काय लुचून राहिलं?"

मी खाली पाहिलं. माझ्याही घोट्याशी काहीतरी गुळगुळीत हललं. गढूळ पाण्यात एक चंदेरी रेघ. मग दुसरी. मग सगळी बांधीच बारीक बारीक थरथरायला लागली.

एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं पाण्यासोबत बांधीत मासा आला तर तो त्या बांधीचा. त्यावर तलावाचा, सोसायटीचा, कोणाचाच हक्क नाही. रोवणाऱ्या बाया तो पदरात बांधून नेतात आणि संध्याकाळी रांधतात. ही रीत ढिवरही मानतात, आणि तिच्यावरून कधी भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. त्यामुळं बायांनी हातातले पऱ्हे टाकून ओंजळी भरायला सुरुवात केली, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मला मात्र एकही उचलवेना. ती पिल्लं मी कोंढा घालून वाढवली होती.

कोणीतरी निरोप नेला असावा. तानाबाई धुऱ्यावरून, बांधांच्या त्या अरुंद कडेवरून, धावत आली. हातात जाळी होती, तुडमातून उपसून आणलेली, पाणी गळत असलेली. दट्ट्या पुन्हा बसवला होता. ती बांधीकडे पाहतच राहिली. मग तिनं जाळी समोर धरली आणि दोन कमच्यांच्या मधून आपलं बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"हातानं घात केला बाई," ती म्हणाली. "जलमभर बारक्याले वाट ठेवत आले हे हात. बारकं निघून जावं, मोठं रावावं, असंच इनलं नेहमी. आज वाट ठेवाची नव्हती, थे हातायले समजलंच नाई."

ढिवरांच्या टोपलीत पिल्लू अडकत नाही, कारण तिच्या विणीतच पिल्लाला सोडायची जागा असते. आईनं तशी विणली, आजीनं तशी विणली. त्याच चांगल्या सवयीनं तिची पिल्लं बाहेर काढली होती. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला त्या बाईच्या बोटाकडं पाहवत नाही. चुकायचंच तर असं चुकावं, हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. तेव्हा नुसतं रडू आलं होतं.

तिनं मागितलं काहीच नाही. "रीत हाय," एवढं म्हणाली. "तुमच्या बांधीतले, तुमचे." आणि जाळी खांद्यावर टाकून वळली.

"थांब वं ताने." मामीजी चिखलात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या पदरातही चांगली ओंजळभर होती. "रीत मोठ्या मासोळीची हाय. थे आपल्या मर्जीनं येते अन फसते. हे तं वाट चुकले. वाट चुकलेल्या लेकराले कोनी रांधून खाते का?"

"मंग आज भाजी काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"चटनी खा," मामीजी म्हणाल्या.

मग जे झालं ते धावपळीचं झालं. पिण्याच्या पाण्याच्या घागरी रिकाम्या झाल्या, शिदोरीचे डबे रिकामे झाले. बाया वाकून वाकून पिल्लं वेचत होत्या आणि तानाबाई सगळीकडं ओरडत होती, "दाबू नोका! पान्यासंगच उचला! पान्यासंगच!" बांधीतून नहराच्या काठानं, पाळीवरून तलावापर्यंत बायांची रांग लागली. ज्यांच्या घरी ढिवराच्या हातचं पाणी घ्यायचं की नाही यावर एरवी विचार व्हायचा, त्यांच्या घागरींत त्या दिवशी ढिवरांची पिल्लं पोहत होती. सगळी काही मिळाली नाहीत. कितीतरी चिखलातच राहिली, आणि संध्याकाळी बगळ्यांची पंगत बसली.

पण धानाला पाणी हवंच होतं. जाळी पुन्हा विणायला वेळ नव्हता. मामीजींनी घरून आपली दोन जुनी लुगडी आणली आणि त्याच जाळीवर दुहेरी गुंडाळली. पाणी झिरपलं, पिल्लू अडलं. फक्त थोड्या वेळानं लुगड्यावर शेवाळ चढायचं आणि पाणी अडायचं. म्हणून पाळ्या लागल्या. एक बाई ढिवरटोलीची, एक शेतकऱ्याघरची, दोघींनी छातीभर पाण्यात उभं राहून हातानं लुगडं पुसायचं. माझी पाळी तानाबाईसोबत आली. पाण्याखाली हात फिरवताना तळव्याला मऊ मऊ टोचण्या लागायच्या. पिल्लं कापडापर्यंत येऊन परत फिरत होती. "समजलं त्यायले," तानाबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. रोवणी संपेपर्यंत ते चाललं, आणि मग पाऊसही आला, जसा काही इतके दिवस कोपऱ्यात उभा राहून मजा पाहत होता.

पाण्याखालचं कोणाला दिसत नाही. परत आणलेल्या पिल्लांतली बरीच दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी होऊन लागली, ते मात्र दिसलं. मी तानाबाईला विचारलं, "किती राहिली असतील?" ती म्हणाली, "पानी झाकलेलं हाय थे बरं हाय, सूनबाई. उघडं असतं तं झोपच लागली नसती." धान वर आलं, निसवलं, पिवळं झालं, कापलं गेलं. कापणीत सारसांची जोडी आली आणि बांध्या टिपून गेली. थंडीत सकाळी तलावावर धुकं बसायचं आणि त्या धुक्यात कधीतरी एखादा 'डुब' असा आवाज व्हायचा. सगळी ढिवरटोली त्या दिशेनं मान वळवायची. रोहू? मरळ? की नुसता बेडूक? सांगता यायचं नाही. मला वाटतं, आयुष्यातल्या बहुतेक चांगल्या गोष्टींची वाट आपण अशीच पाहतो, एखाद्या आवाजाच्या भरवशावर.

वैशाखात पाणी खाली गेलं आणि जाळं लागलं. गाव पाळीवर बसलं होतं. ठेकेदाराचा माणूसही आला होता, पांढरेशुभ्र कपडे, काळी छत्री. आंब्याच्या सावलीत त्याला खाट टाकून दिली होती. पहिल्या ओढीला शेवाळ, शिंपले आणि दोन मरळी निघाल्या. छत्रीवाल्यानं घड्याळ पाहिलं. तानाबाई कमरेएवढ्या पाण्यात जाळ्याची दोरी धरून होती, आणि तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. दुसऱ्या ओढीला जाळं जड लागलं. ओढणाऱ्यांचे पाय चिखलात रुतायला लागले. जाळं काठाशी आलं, पाणी उकळल्यासारखं झालं, आणि त्यातून पहिला रोहू उसळला. उन्हात त्याचे खवले तांबूस चमकले. मग एकामागून एक, एकामागून एक. पाळीवर कोणीतरी आरोळी ठोकली आणि नंतर कोणाचंच कोणाला ऐकू येईना. सरपंच उठून धोतर झटकत एवढंच म्हणाले, "झालं. तलाव गावातच रायला." छत्रीवाल्यानं लाखांदूरच्या एस.टी.ची वेळ विचारली.

त्या दुपारी तानाबाई आमच्या गल्लीत आली. डोक्यावर टोपली. ती गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून रोवणीला असलेल्या प्रत्येकीच्या दारात थांबत येत होती, आणि तिचा आवाज तर सांगितलाच. शेजारच्या अंगणातलं वाक्य मला भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं. त्याच्या पलीकडच्या अंगणातलंही आलं होतं. तेच वाक्य होतं. मग ती आमच्या ओट्याशी आली, पळसाच्या पानांत गुंडाळलेला एक चांगला हातभर रोहू काढून मामीजींच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "बाई, हा तुमच्या बांधीतला."

मला हसू आलं. मी काहीतरी बोलणारही होते. मामीजींनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या खाली बसल्या, मासा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, त्याच्या पाठीवरून ओला हात फिरवला. मग तानाबाईकडे वर पाहून म्हणाल्या, "हो वं. ओळखला मी याले."